टोपली खाली ठेवू नये

अमरावतीच्या परकोटाच्या आत मुरलीधराचे एक जुने देऊळ होते. त्याच्या पायरीपासून दहा पावलांवर, भिंतीला लागून, एक सपाट काळा दगड होता. त्या दगडावर धुतलेले फडके अंथरून, फडक्यावर फुलांची टोपली ठेवून पार्बताबाई माळीण तीस वर्षे बसत आली होती. चिंतामणशास्त्री धर्माधिकारी स्नानसंध्या आटोपून रोज सकाळी देवळाकडे येत, तेव्हा देवाच्या आधी त्यांना पार्बताबाईचे दर्शन घडे. शास्त्रीबुवांच्या नेमस्त आयुष्यात हा क्रम इतका मुरला होता की तोही पूजेतलाच एक उपचार होऊन बसला होता.

शके अठराशे अठ्ठेचाळीसच्या मार्गशीर्षात एके सकाळी तो दगड रिकामा दिसला.

पार्बताबाई होती, पण चालत होती. टोपली कडेवर घेऊन, अंग एका बाजूला झुकवून ती देवळाच्या भिंतीला वळसा घालून आली, शास्त्रीबुवांना पाहून तिने मान लववली आणि तशीच पुढे निघाली.

“पार्बताबाई, अहो, फुले!” शास्त्रीबुवा म्हणाले.

“संगं संगं चाला, महाराज. उभं राहाची मनाई हाय.”

तिच्या मागे चार पावलांवर म्युनिसिपालिटीचा जमादार चंद्रभान होता. त्याने शास्त्रीबुवांना हात जोडले आणि कोणी न विचारताच छाती पुढे काढून म्हटले, “‘फेरीवाल्याने आपला माल हाती, खांद्यावर अथवा डोक्यावर वाहून सतत फिरते राहावे, सार्वजनिक मार्गावर तो खाली ठेवू नये, व एके स्थळी थांबू नये.’ पाठ करून टाकलं, महाराज. कोनं लिवलं देव जाने, पन लय तोलामोलाचं लिवलं.”

ते वाक्य शास्त्रीबुवांचेच होते.

गोकुळाष्टमीच्या पालखीच्या दिवशी ह्याच रस्त्यावर केळीवाल्यांच्या पाट्या आणि फुटाणेवाल्यांच्या परड्या अशा दाटल्या होत्या की पालखीला वाट मिळेना. भोयांचे खांदे भरून आले आणि देवाची पालखी रस्त्यात, चिखलात, खाली टेकवावी लागली. तो प्रसंग शास्त्रीबुवांच्या जिव्हारी लागला होता. ते म्युनिसिपालिटीच्या कमिटीचे नेमलेले सभासद. पुढल्याच सभेत मोरोपंत वकिलांनी फेरीवाल्यांचे नियम मांडले, तेव्हा कधी नव्हे ते शास्त्रीबुवा उठून बोलले, “करायचा तर नियम सर्वांस सारखा करा. एकास सवलत दिली की दहा जण मागायला येतील.” मोरोपंतांचा मसुदा इंग्रजीत होता. त्याचे मराठी शास्त्रीबुवांनी दोन दुपारी बसून केले. ते घोटीव उतरले म्हणून त्यांना मनातून समाधानही झाले होते. विक्रेत्यांनी नव्या मंडईत जावे असे त्यात होते. मंडई परकोटाबाहेर, पाव कोसावर. पूजेच्या वेळी फुलासाठी तिथवर कोण जाणार, हा विचार त्या दोन दुपारींत त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

त्या दिवशी शास्त्रीबुवांनी पार्बताबाईच्या बरोबर चालत चालत शेवंती घेतली. चालताना घेतलेले फूल देवाला वाहताना त्यांचा श्वास जरा लागलेला होता, एवढेच.

तिसऱ्या दिवशी टोपली पार्बताबाईच्या डोक्यावर दिसली.

इथे आणखी एका नियमाची गोष्ट सांगितली पाहिजे. वीस वर्षांपूर्वी शास्त्रीबुवांनी पूजेच्या फुलांविषयी एक सोळापानी टिपण अकोल्याच्या छापखान्यात छापून घेतले होते आणि पुराणाला येणाऱ्या घरोघरच्या बायांना वाटले होते. कोणते फूल कोणत्या देवास वर्ज्य, कोणते कोमेजले तरी चालते, हे सारे त्यात होते. आणि हेही होते की मनुष्याने मस्तकी वाहिलेले फूल हे मनुष्याचे झाले, ते निर्माल्यासमान, देवास अर्पू नये. टिपण गावात प्रमाण ठरले. पार्बताबाईला अक्षर येत नव्हते, पण गिऱ्हाइकांच्या तोंडून तिने ते ऐकले आणि तेव्हापासून वलगावच्या वाटेवरल्या मळ्यातून देवळापर्यंत कोसभर वाट ती टोपली कडेवर धरून येऊ लागली. बाकीच्या माळणी डोक्यावर चुंबळ ठेवून झपझप पुढे निघून जात आणि मागे वळून हसत. देवळात मात्र फूल पार्बताबाईचेच चाले.

तिसऱ्या दिवशी पायरीवर सत्यवतीबाई होत्या. ह्या हायस्कुलातल्या एका मास्तरांच्या विधवा भगिनी. सोवळ्याच्या कडक आणि मनाने सरळ. फुलासाठी पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला.

“डोक्यावरून आणलीस?”

“दोन दिस कडेवर धरून फिरली, बाई. दिसभर फिरनं. आता मनगट उभंच राहात नाई.”

“माझा का तुझ्यावर राग आहे, पार्बताबाई? पण देवाचे आहे. शास्त्रीबुवांनी स्पष्ट लिहिले आहे.”

“लिवलं त हाय,” पार्बताबाई म्हणाली.

दोघी एकदमच शास्त्रीबुवांकडे वळल्या. शास्त्रीबुवा पायरीवर उभे होते आणि त्यांच्या हातात रिकामे ताम्हन होते. त्यांना वाटले, काहीतरी बोलावे. मग वाटले, विचार करून बोलावे. तेवढ्यात चंद्रभान “चाला माय, चाला” म्हणाला आणि पार्बताबाई वळणाआड गेली. त्या दिवशी शास्त्रीबुवांनी देवाला घरच्या वृंदावनातली तुळस वाहिली.

आणखी दोन दिवस असेच गेले. दुपारी उन्हे चढली की पार्बताबाई भरली टोपली तशीच घेऊन मळ्याकडे परत जाई. पाचव्या दिवशी शास्त्रीबुवांनी तिला गाठले आणि तिच्या चालीने चालू लागले.

“एकादशीपावतो पाहातो, महाराज,” ती समोर पाहतच म्हणाली. “एकादशीले फुलं खपली त खपली. नाई त मळेवाल्याले सांगून टाकीन, माह्यासाठी ठेवू नको म्हून. लेक भातकुलीले हाय. तिच्या दारी जाऊन पडीन.”

“लेक बरी आहे ना?”

“लेक बरी हाय. म्या गेली की जावई रोज एक डाव इचारते, बुढी कवा जाते म्हून.” आणि ती हसली. त्या हसण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते शास्त्रीबुवांना फार वेळ ऐकू येत राहिले.

एकादशीला तीन दिवस होते. शास्त्रीबुवा मोरोपंत वकिलांकडे गेले. मोरोपंत कमिटीचे उपाध्यक्ष. माणूस सज्जन आणि थट्टेखोर. त्यांनी शास्त्रीबुवांना लोडाशी बसवले आणि सारे ऐकून घेतले.

“फुलांना सूट द्यावी म्हणता? हरकत नाही. पण मग बांगडीवाला विचारील, सवाष्णीचा चुडा का शुभ नाही? केळीवाला म्हणेल, नैवेद्य का देवाचा नाही? आणि शास्त्रीबुवा, ‘सर्वांस सारखा’ हे शब्द कार्यवृत्तात तुमच्या नावावर आहेत. मी वकील आहे, मला माझे शब्द गिळायची सवय आहे. तुमचे तसे नाही.”

“देवळाच्या ओट्यावर बसू दिले तर? ओटा तर देवाचा.”

मोरोपंत जरा पुढे सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, “नकाशा पाहिला आहे का? तो ओटाच हातभर रस्त्यात आलेला आहे. आज माळीण बसवाल, उद्या कोणी अर्ज करील, परवा ओट्याला नोटीस निघेल. आणि ती नोटीस मराठीत तुम्हालाच लिहावी लागेल.”

शास्त्रीबुवांना हसू आले नाही. “पुढली सभा केव्हा?”

“पौष संपता संपता. ठराव आणा. मी विरोध करणार नाही. पण एकादशीच्या आत माझ्याने काही व्हायचे नाही.”

घरी येताना शास्त्रीबुवांना वाट लांब वाटली. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या शंकांना उत्तरे दिली होती. श्राद्धाची तिथी, सुतकाचे दिवस, एकादशी कोणती धरावी... विचारणारा उत्तर घेऊन घरी जाई. त्या उत्तराचे ओझे त्याच्या घरी कोण वाहते, हे पाहायला ते कधी गेले नव्हते. दुपारी त्यांनी पोथ्यांचे दप्तर सोडले. एकेक पोथी कपाळाला लावून उघडली. हातात उघडी आणलेली फुले, अंगावरच्या वस्त्रातून आणलेली, हुंगलेली, भुईवर पडलेली, सर्वांचा विचार त्यांच्या पोथ्यांत होता. डोक्यावरच्या टोपलीचा उल्लेख कोठे सापडेना.

पत्नी सुभद्राबाई ताक घेऊन आल्या. “जेवल्याबरोबर दप्तर काढले. काय हरवले आहे?”

“डोक्यावरच्या फुलाचा निषेध. टिपणात मी लिहिला आहे. आधार मिळत नाही.”

“तो पोथीत कुठून असेल? ते मामंजी म्हणत असत. परसातली फुले मी एकदा डोक्यावर परडी ठेवून आणली, तेव्हा केवढे रागावले होते! तुम्ही तिथेच बसला होतात की.”

शास्त्रीबुवांना वडिलांचा तो स्वर आठवला. तीर्थरूपांचे वाक्य आणि ऋषींचे वाक्य ह्यांत त्यांनी कधी भेद केला नव्हता. तो भेद करायचा असतो, हेही कोणी शिकवले नव्हते. त्यांनी दप्तर पुन्हा बांधले. गाठ नीट बसेना, म्हणून दोनदा बांधले.

एकादशीला देवळापुढे गर्दी होती. पार्बताबाई डोक्यावर टोपली घेऊन गर्दीच्या कडेकडेने फिरत होती. टोपली शेवंतीने आणि तुळशीने वरपर्यंत भरलेली होती. बाया तिच्याकडे पाहत, मग टोपलीकडे, आणि जड मनाने आत जात. सत्यवतीबाईंच्या हातात घरचीच चार कण्हेरीची फुले होती. चंद्रभान पायरीशी उभा होता. गेल्या आठ दिवसांत तोही तिच्या मागे फिरून फिरून थकला होता.

शास्त्रीबुवा पार्बताबाईच्या बरोबर चालू लागले. चालता चालता त्यांनी हात वर केला, तिच्या डोक्यावरच्या टोपलीतून शेवंतीची ओंजळ घेतली आणि पायरीवरच्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ही फुले आज मी देवाला वाहणार आहे. टिपणात मी लिहिले ते शास्त्र नव्हते. आमच्या घरची रीत होती. मी ती शास्त्र म्हणून छापली. चूक माझी आहे.”

गर्दी थबकली. सत्यवतीबाई हळूच म्हणाल्या, “मग शास्त्रीबुवा, इतक्या वर्षांत मी किती जणींची फुले परत पाठवली असतील?”

त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. हातातल्या कण्हेरीकडे पाहत त्या तशाच उभ्या राहिल्या.

पार्बताबाई मात्र थांबली नव्हती. चार पावले पुढे जाऊन तिने मान वळवली.

“काय म्हनता, महाराज? डोक्शावरून चालते?”

“चालते.”

“आन् पैलेपासूनच चालत होतं?”

“होय.”

तिने डावा हात पुढे केला. मनगटाचे हाड बाहेर आले होते आणि हात कोपरापासून आत वळून राहिला होता. इतक्या वर्षांत शास्त्रीबुवांनी तो हात रोज पाहिला होता, त्या हातून फुले घेतली होती.

“मंग वीस वर्स म्या कडेवर काहून आनली?”

ओंजळीतली शेवंती शास्त्रीबुवांनी उपरण्याच्या टोकात ठेवू पाहिली, मग अंगावरच्या वस्त्रातले फूल वर्ज्य हे आठवून पुढे होऊन परत टोपलीत टाकली आणि दोन्ही हात पुढे केले.

“टोपली इकडे दे. एक फेरी मी घेतो. तू बैस.”

“तुमाले नाई जमाचं, महाराज.”

“दे.”

तिने टोपली उतरवून त्यांच्या हातात दिली आणि त्या काळ्या दगडावर जाऊन बसली. बसताना तिच्या तोंडून “अगं माय” एवढेच निघाले. चंद्रभान पुढे आला, दगडाकडे पाहिले, रिकाम्या हातांनी बसलेल्या म्हातारीकडे पाहिले, आणि पाठ केलेला नियम मनात म्हणून पाहिला. माल नसलेल्याने बसू नये असे त्यात कोठे नव्हते. तो मागे सरला.

शास्त्रीबुवांनी टोपली छातीशी धरली आणि चालू लागले. दक्षिणेच्या भिंतीपर्यंत ठीक गेले. देवळाच्या मागच्या अंगाला त्यांचे दंड भरून आले. त्यांनी टोपली कडेवर घेऊन पाहिली. ती घसरू लागली आणि कमरेत कळ आली. अजून अर्धी फेरी बाकी होती. खाली ठेवायची सोय नव्हती. ते त्यांनीच लिहिले होते. क्षणभर टोपली खांद्याने भिंतीशी दाबून धरून त्यांनी पागोटे काढून काखेत धरले, उपरण्याची चुंबळ केली आणि टोपली डोक्यावर घेतली.

तशीच ती घेऊन ते पुढच्या अंगाला आले. पायरीवर कोणी हसले नाही. सत्यवतीबाईंनी हातातली कण्हेर देवळाच्या कट्ट्यावर ठेवली, पदर सावरला आणि शास्त्रीबुवांच्या बाजूने चालू लागल्या. टोपलीपर्यंत हात पुरेना, म्हणून टाचा उंचावून त्यांनी तुळशीच्या चार मंजिऱ्या घेतल्या. त्यांच्या मागून आणखी दोघी निघाल्या.

शास्त्रीबुवा धापा टाकत काळ्या दगडाशी आले आणि त्यांचे पाऊल मंदावले. पार्बताबाई उठू लागली, पण गुडघा सरळ होईना. शास्त्रीबुवांनी हाताने तिला बस म्हणून खूण केली.

“महाराज,” चंद्रभान हात जोडून अगदी हळू म्हणाला, “थांबू नका. माह्यावर येईन.”

शास्त्रीबुवांनी मान हलवता येत नव्हती म्हणून डोळ्यांनीच होकार दिला आणि दुसऱ्या फेरीला निघाले.