याळीच्या तोंडातला गोटा

मित्रांनो, मी एक जुना दगडी गोटा आहे, लिंबाएवढा. दूर दक्षिणेत, ताम्रपर्णी नदीकाठच्या शिवमंदिरात खांबाखांबावर दगडात कोरलेला एकेक याळी उभा आहे. तोंड सिंहाचे, सोंड हत्तीची. त्यांतल्या एकाच्या तोंडात मी जन्मलो आणि अजून बाहेर पडलेलो नाही.

मला बाहेर घडवून आत टाकलेले नाही. वीरबाहू आचारी या शिल्पकारांनी याळीच्या दातांच्या फटींतून बारीक छिन्नी घालून मला आतल्या आत कोरले. एक दात तुटला असता, तर अख्खा खांब वाया गेला असता. जेवण घेऊन आलेली त्यांची बायको कोमळम म्हणायची, "त्याचे दात कोरता कोरता तुमचे पडतील. आधी चार घास गिळा."

"थांब गं, एका बाजूला अजून चिकटलाय."

मी सुटून घरंगळलो, त्या दिवशी ते पोटभर जेवले.

मग कित्येक पिढ्यांच्या मुलांनी मला बोटाने फिरवले. फार सुखाचे दिवस होते ते. पुढे गावकरी दर उत्सवाला मंडपाला चुना देऊ लागले. थरांवर थर चढले आणि मी दातांना चिकटून बसलो. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनी मला देवासाठीच नटवले होते. पण मी फिरतो, हे गाव विसरले.

गेल्या वर्षी दुरुस्ती निघाली. मुत्तय्या गवंडी माझ्यावर छिन्नी टेकवून म्हणाला, "ढेकूळ अडकलंय. फोडतो आणि सिमेंट भरतो."

दारात फुले ओवणारी म्हातारी वडिवम्मा उठून आली. "हात आवर रे. आत गोटा फिरतो, माझी आजी सांगायची."

"आजी काय, चंद्रावर वडे तळतात असंही सांगत असेल."

"सांगायची ना. तू मला आठ दिवस दे. नाही फिरला, तर तुझं सिमेंट मी कालवते."

ती रोज चिंचेच्या पाण्यात भिजवलेले फडके माझ्याभोवती कोंबायची आणि मऊ झालेला चुना बांबूच्या काडीने खरवडायची. तिची बोटे सोलून निघाली. आठव्या दिवशी मुत्तय्याने बोट लावले आणि मी फिरलो.

"अम्मा, हा आत घातला कसा?"

"घातला नाही रे. आतच केलाय."

त्याने छिन्नी खाली ठेवली. मग तिच्या हातातली काडी घेऊन पुढच्या खांबाकडे गेला.

मित्रांनो, मला घडवणाऱ्या आणि सोडवणाऱ्या हातांचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हीही जुन्या वस्तूला हात लावण्याआधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. बाकीच्या याळींच्या तोंडांतले माझे नऊ भाऊ अजून चुन्यात आहेत, आणि वडिवम्मा आता थकली आहे.