बाद माल

रावसाहेबांनी जेवणाच्या टेबलावरची लोणी लावायची सुरी उचलली, तिच्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवली. सकाळपासूनची ही चौथी वेळ. समोर त्यांचा मुलगा धम्मदीप लॅपटॉपवर एकामागून एक चित्रं सरकवत होता. गंजलेली, वाकलेली भाल्यांची पाती, एकूण एकतीस. युरोपातल्या एका रोमन छावणीच्या उत्खननात ती सगळी एकाच खड्ड्यात सापडली होती. इथल्या बुओना व्हिस्टा भागातल्या आपल्या लॅबमध्ये धम्मदीपनं त्यांचे एक्स-रे काढले होते आणि ती वाकली कशी, याचा अर्थ लावायचं कामही त्याच्याकडेच आलं होतं. सोमवारी अहवाल पाठवायचा होता. पुढे तो त्याच्या नावानिशी पुस्तकात छापला जाणार होता.

अर्थ त्यानं लावलाही होता, आणि घरात सगळ्यांना ऐकवून झाला होता. घनघोर लढाई झाली, भाले शत्रूच्या ढालींत रुतले, ओढाताणीत वाकले, मग जिंकणाऱ्यांनी गोळा करून पुरले. त्याची बायको भावना हो हो म्हणत मार्केटला निघून गेली. दहा वर्षांच्या राणीला मात्र गोष्ट फारच आवडली.

"आजोबांना विचार ना, पप्पा. ही मेड स्वोर्ड्स, व्हॉट," ती इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली.

"संगिनी," धम्मदीपनं दुरुस्त केलं. "सव्वीस वर्षं. सैन्यासाठी."

रावसाहेब दारापर्यंत गेले आणि परत आले. हौगांग वस्तीतल्या आठव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये दारापासून स्वयंपाकघरापर्यंत चौदा पावलं होती. पोराकडे इथं परदेशी येऊन महिना झाला, पण आजच्याइतक्या वेळा त्यांनी ती कधी मोजली नव्हती.

त्यांना पहिल्या दोन-तीन चित्रांतच कळलं होतं. प्रत्येक पातं टोकापासून चार बोटांवर वाकलेलं, आणि तेही एकाच बाजूला. लढाईत लोखंड असं शिस्तीत वाकत नाही. पात्यांना धार लावलेली नव्हती. काठी बसवायच्या खोबणीला खिळ्यासाठी भोक नव्हतं. धम्मदीपच्या मते ते गंजानं बुजलं असेल. बुजलं कसलं! ती पाती कधी काठीवर चढलीच नव्हती. तपासणीत नापास झालेला माल होता तो. असा माल चुकून चांगल्यात मिसळू नये म्हणून वाकवून टाकायचा, ही रीत त्यांच्या फॅक्टरीत झाडूवाल्यालाही ठाऊक होती. काखेत कळसा नि गावाला वळसा. पोरगा इंग्रजी पुस्तकं धुंडाळत होता आणि उत्तर त्याच्याच घरात सपाता घालून येरझारा घालत होतं.

पण सांगायचं कसं? रावसाहेबांनी आयुष्यात एकही संगीन घडवली नव्हती. त्यांनी सव्वीस वर्षं नापास संगिनी वाकवल्या होत्या. तपासनीस पात्यावर लाल फुली मारायचा, आणि शेडच्या मागं एकटे उभे राहून रावसाहेब ते पातं व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून वाकवायचे. धम्मदीप दुसरीत असताना शाळेत बाईंनी वडिलांचं काम विचारलं होतं. संगिनी घडवतात म्हणून सांग, असं ते सहज बोलून गेले, आणि मग ती थाप दुभत्या म्हशीसारखी जन्मभर सांभाळावी लागली. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वस्तीतली माणसं त्यांची ओळख तशीच करून द्यायची. धम्मदीप धातुशास्त्राकडे वळला तोही, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, बाबांमुळेच. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता २००६ साल उजाडलं, नोकरी संपूनही सहा वर्षं झाली, तरी ती झाकलेलीच होती.

ती उघडायची त्यांना मनापासून लाज वाटत होती. न उघडावी, तर उद्या कुठल्याशा देशातला एखादा जुना कामगार ते पुस्तक बघेल आणि हसेल. हसेल तो त्यांच्या पोराला. हा विचार त्यांना खुर्चीवर टेकू देईना.

"धम्मा, हे लढाईत वाकलेलं नाही," ते शेवटी म्हणाले.

धम्मदीपनं मान वर न करता समजावलं की उत्खनन करणाऱ्यांनाही लढाईचीच शंका आहे.

"आमच्या फॅक्टरीत एक माणूस होता. नापास माल वाकवायचं काम होतं त्याच्याकडं. तो असाच वाकवायचा."

"असाच म्हणजे?"

रावसाहेबांनी टेबलावरची सुरी घेतली, ट्रेमधल्या आणखी दोन घेतल्या आणि दार उघडलं. बाहेरच्या लोखंडी गेटला कुलपाजवळ एक फट होती. पहिल्या सुरीचं टोक तिच्यात चार बोटं सारून त्यांनी डावा तळवा वर टेकवला आणि उजव्या खांद्यानं एकच रेटा दिला. मग दुसरी. तिसरीच्या वेळी तर त्यांनी तिकडं पाहिलंही नाही.

"आजोबा, मम्मी विल किल यू, लाह," राणी हळूच म्हणाली.

तिन्ही सुऱ्या एकाच जागी, एकाच बाजूला वाकल्या होत्या. धम्मदीपनं त्या स्क्रीनजवळ ओळीनं ठेवल्या आणि बराच वेळ एकदा त्यांच्याकडे, एकदा चित्राकडे पाहत राहिला. मग त्यानं वडिलांच्या डाव्या तळव्याकडे पाहिलं. तिथला जाड घट्टा तो लहानपणापासून बघत आला होता. त्यानं अहवालातला लढाईचा सगळा मजकूर पुसला. पुन्हा लिहायला बसला. पानभर लिहून झाल्यावर तळाशी आणखी काहीतरी टाइप केलं आणि थांबला.

"मदत करणाऱ्याचं नाव द्यावं लागतं खाली," तो म्हणाला. "त्या माणसाचं नाव काय, बाबा?"

कुठलंही नाव चाललं असतं. शेडमधला प्रताप वारून दहा वर्षं झाली होती, तो काही तक्रार करायला येणार नव्हता. राणी एक सुरी टेबलाच्या कडेवर दाबून सरळ करू पाहत होती. रावसाहेबांनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"बाद केलेली परत सरळ करायची नसते, बाळा," ते म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

"लिही. रावसाहेब किसन वाघमारे."

राणी एकदा आजोबांकडे, एकदा पप्पांकडे बघू लागली. धम्मदीपनं एकही कळ दाबली नाही.

"हुद्दा?" त्यानं विचारलं.

"मजूर. बाद माल."

हे मात्र त्यानं टाइप केलं आणि वाचायला म्हणून लॅपटॉप वडिलांकडे वळवला. रावसाहेबांना इंग्रजी आपल्या नावापुरतं येत होतं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. नाव तिथं आधीपासूनच होतं.