दुसऱ्या ठोक्याचा उशीर

अंत्यविधीच्या पत्रिकेवर ठळक अक्षरांत छापलं होतं : 'मनोगत – कृपया दोनच मिनिटं.' मिस्टर प्रुइटना उभं राहून पाच मिनिटं झाली होती आणि अजून ते स्वतःच्या तरुणपणातच रमले होते.

मी चर्चच्या ऑर्गनवर बसले होते. समोर शवपेटीत माझा भाऊ, ओझेल ट्रॅम्बल, वय एकाहत्तर, अंगात राखाडी सूट. त्याच्या उशाशी चौथऱ्यावर उभा राहून हा माणूस माईकमध्ये सांगत होता, "मला हा पोरगा सापडला तेव्हा..."

सापडला म्हणे. जसा काही ओझेल म्हणजे रस्त्यावर पडलेली छत्रीच.

पहिल्या बाकावरून क्लीओथा मेब्रीनं माझ्याकडे बघितलं. ओझेलनं बसवलेल्या प्रत्येक गाण्यावर ड्रम क्लीओथाचे आणि ऑर्गन माझा. मेम्फिसच्या त्या काळच्या सोल नावाच्या आम्हा काळ्यांच्या गाण्याबद्दल विचारायचं तर आम्हा दोघांना विचारावं. पण विचारतात प्रुइटना. रेकॉर्डवर नाव त्यांचं आहे ना.

ओझेल आधी गायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याचं 'पोर्चवरचा दिवा' गाजलं आणि पुढची तेरा वर्षं तो गाडीत झोपून गावोगाव गात फिरला. काही सभागृहांत मधोमध दोरी बांधलेली असायची, एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला आम्ही. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजाचा पार चोथा झाला. आई म्हणाली, "देवानं दिलं, देवानं नेलं." ओझेल म्हणाला, "कान ठेवलेत ना." प्रुइटनी एका जुन्या लाँड्रीत स्टुडिओ उघडला होता. तिथे काचेमागे जाऊन ओझेल बसला आणि दुसऱ्यांना गायला लावू लागला.

सकाळीच तो कोपऱ्यातल्या शेगडीवर डुकराच्या मानेची हाडं आणि पालेभाजी शिजत ठेवायचा. वासानं आमचा जीव कासावीस व्हायचा, पण गाणं नीट उतरेपर्यंत कुणाला घास मिळायचा नाही. "भरल्या पोटी माणूस खोटं गातो," म्हणायचा. कुणी खोटं गातंय असं वाटलं की काचेमागून हात वर करायचा. सगळी वाद्यं बंद, गाणारा एकटा. तिथे भल्याभल्यांचं सोंग उघडं पडायचं.

आणि तो ठोका. ड्रमचा दुसरा ठोका ओझेल किंचित मागे ओढायला लावायचा. क्लीओथा वैतागायचा.

"अरे बाबा, उशीर होतोय."

"होऊ दे. दिवसभर राबलेला माणूस खुर्चीत कसा टेकतो? तसा टेकव."

तोच ठोका लोकांनी डोक्यावर घेतला. प्रुइट तेव्हा वरच्या मजल्यावर फोनवर असायचे. रेकॉर्ड हातात आली की तिच्यावर 'निर्माता : वेंडल प्रुइट'. ओझेलनं विचारलं, "साहेब, माझं नाव?" ते म्हणाले, "पुढच्या वेळी, ओझेल. छपाई होऊन गेली." एकोणचाळीस रेकॉर्डी निघाल्या. एकोणचाळीस वेळा छपाई होऊन गेली होती.

स्टुडिओ बंद पडला. नंतर अठरा वर्षं माझ्या भावानं शाळेची बस चालवली. एकदा बसमधल्या रेडिओवर आमचंच गाणं लागलं. एका पोरीनं विचारलं, "मिस्टर टी, हे कुणी केलंय हो?" हा म्हणाला, "खाली बस, वळण येतंय." मला सांगताना तो हसत होता. मला नाही हसू आलं. अजूनही येत नाही.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात त्यानं माझा हात धरला. "छोटे, माझ्या मयताला कुणाला खोटं गाऊ देऊ नकोस."

"कोण गाणार आहे खोटं?"

"तुला कळेल."

मी शब्द दिला होता.

"आता तो प्रसिद्ध ठोका मला कसा सुचला, ते सांगतो," प्रुइट माईकमध्ये म्हणाले.

आमच्या चर्चमध्ये बोलणारा लांबला की ऑर्गनवाली हळूच सूर धरते. माणूस ओळखतो, आवरतं घेतो, खाली बसतो. कुणाचा अपमान होत नाही. मी सूर धरला. आमचे पाद्री रेव्हरंड अल्फर्ड यांनी मान डोलावली.

पण प्रुइट आमच्या चर्चचे कुठे होते? त्यांना वाटलं, हे त्यांच्याच कौतुकाला चाललंय. त्यांनी डोळे मिटले, डोलायला लागले, आवाजात मध उतरला. "आभारी आहे, सिस्टर," म्हणाले मला, आमच्या चर्चमध्ये बायकांना म्हणतात तसं. माझ्या भावाच्या पेटीसमोर त्या खोट्याला मी साथ देत होते.

मागच्या बाकावरून सिस्टर लुडी पुटपुटली, "बये, तू तर त्याला झोपाळ्यावर बसवलंस."

मी दोन्ही हात वर उचलले. ऑर्गन थांबला.

प्रुइटनी डोळे उघडले. "तर... मी क्लीओथाला म्हटलं, ठोका जरा... म्हणजे मागे..."

आमची माणसं एरवी रडतराखडत बोलणाऱ्यालाही "बोला, बोला" म्हणून धीर देतात. त्या दिवशी कुणी ब्र काढला नाही. नुसते हातपंखे हलत होते.

तेवढ्यात क्लीओथानं टाच आपटली. मग टाळी, दुसऱ्या ठोक्यावर, किंचित मागे. बाक न् बाक ती टाळी उचलू लागला. याच ठोक्यावर आमच्याकडे पोरं झोपली, लग्नं झाली. तो कुणाला शिकवावा लागला नाही.

सुटल्यासारखं हसून प्रुइटही टाळ्या वाजवू लागले. त्यांची टाळी आधी पडली. पुन्हा वाजवली, पुन्हा आधी. समोरच्यांच्या हातांकडे बघून वाजवली, तरी आधीच. दर वेळी त्यांची एकट्याची टाळी आणि मग सगळ्या चर्चची.

क्लीओथा न थांबता शांतपणे म्हणाला, "साहेब, हा तुम्हालाच सुचला होता ना?"

कुणी हसलं नाही. प्रुइटचे हात अर्ध्यावरच राहिले. मग कठड्याला धरून ते खाली उतरले. लोकांना जागेवर नेऊन बसवणाऱ्या, पांढऱ्या हातमोज्यांतल्या बाईनं त्यांना आधार दिला, कुणालाही देते तसा.

मला समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एका मिनिटाचं तर काम होतं. ते एकोणचाळीसपैकी कुठल्याही रेकॉर्डच्या दिवशी झालं असतं. तेव्हा ओझेल जिवंत होता, कानांनी ऐकत होता. आणि मी त्याच खोलीत ऑर्गनवर बसून, हंडीचा वास घेत, गप्प होते. प्रुइट खोटं बोलले, खरं आहे. पण साथ मी काही आजच केली नव्हती.

दफन करून आलो. चर्चच्या तळघरात जेवणं मांडली होती. बायकांनी ओझेलच्या पद्धतीनं मानेची हाडं आणि पालेभाजी केली होती. ताटं हातात घेऊन सगळे उभे, पण कुणी वाढून घेईना. गाणं उतरलं की नाही, हे ओझेल सांगायचा तेव्हाच आम्ही जेवायचो. आता सगळे माझ्याकडे बघत होते.

क्लीओथानं हंडीवरचं झाकण उचललं. "काय गं, उतरलं का?"

"नाही," मी म्हटलं. "माझं अजून उतरायचंय."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि झाकण परत हंडीवर ठेवलं.