लाल गाडीची किल्ली

ऑक्टोबर २००७ मधल्या एका दुपारी मीनल दाबकेला ऑफिसात आईचा फोन आला. "बाबा घरात नाहीत गं," सुप्रभाताई म्हणाल्या.

शशिधर दाबके सदुसष्ट वर्षांचे होते. गेली दोन वर्षं त्यांचा विसराळूपणा वाढत चालला होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, त्यानंतर वसंतात त्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स परत गेलं. तेव्हापासून त्यांची चंदेरी गाडी ग्लासगोजवळच्या न्यूटन मर्न्समधल्या घरासमोर कव्हरखाली उभी होती, आणि सुप्रभाताईंनी तिच्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात लपवल्या होत्या.

"शेवटचं काय म्हणाले?" मीनलने विचारलं.

"लाल गाडीची किल्ली कुठंय म्हणाले. मी म्हटलं, अहो, लाल गाडी आता कुठली? तर उठले. कोट घातला. मला वाटलं, बागेत चाललेत."

लाल गाडी म्हटल्यावर मीनलला कुठे जायचं ते कळलं.

बाबांना आयुष्यात एकाच गाडीचं वेड होतं, टोयोटाच्या सेलिकाचं. पुण्याहून इंजिनिअर म्हणून ग्लासगोला आल्यावर त्यांनी पहिल्या पिढीची, पिवळी, सेकंडहँड घेतली होती. तेव्हा जपानी गाडी म्हटलं की इथले लोक हसायचे. खेळण्यासारखी चावी फिरवायची का रे हिला, असं कामावरची माणसं विचारायची. दुसरी पिढी बाबांना गुबगुबीत वाटली, म्हणून घेतली नाही. तिसरी लांब नाकाची, ती दुसऱ्याची चालवून पाहिली. चौथी मात्र शोरूममधून कोरी आणली, लाल. तोवर सेलिकाची मागची चाकं गाडी ढकलायची, चौथीपासून पुढची चाकं ओढायला लागली. हा बदल बाबा घरात मृत्यूची बातमी सांगावी तसा सांगायचे. पण तिचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले असायचे आणि बटण दाबलं की डोळे उघडावेत तसे वर यायचे. त्यासाठी त्यांनी तिला सगळं माफ केलं होतं. पाचवी त्यांनी घेतली नाही. "तिचा चेहरा मला आवडला नाही," एवढंच कारण ते सांगत. पुढे चार गोल दिव्यांची सहावी आली, हिरवी. आणि सेलिका कायमची बंद होणार अशी बातमी आली तेव्हा त्यांनी घाईघाईने सातवी घेतली. ती ही चंदेरी.

लाल गाडी होती तेव्हा मीनल प्रायमरीत होती आणि ते ग्लासगोतल्याच पोलोकशील्ड्समध्ये राहत होते. ती सरळ त्या शाळेकडे निघाली.

शाळेला ऑक्टोबरची सुट्टी होती. गेटला कुलूप होतं, मैदानात पानांचा खच पडला होता. बाहेरच्या बुटक्या भिंतीवर बाबा बसले होते. कोटाची बटणं एकेक घर चुकून लावलेली. ते बसने इतक्या लांब कसे आले, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

"बाबा," ती म्हणाली.

त्यांनी सभ्यपणे वर पाहिलं. "सॉरी? माझ्याशी बोलताय?" मग जरा उजळून, "मराठी का तुम्ही?"

याआधी त्यांनी नावं चुकवली होती, पण तिला परकं कधी केलं नव्हतं. ती शेजारी बसली आणि आईला 'सापडले' एवढा मेसेज केला.

"तुम्ही कुणाचा वाट बघता?" तिने विचारलं.

बाबा हसले. "कुणाची. वाट 'ती' असते. माझी मुलगी अगदी असंच बोलते. इथेच जन्मलीय ना. शाळा सुटली की येईल, आज उशीर झाला वाटतं."

"तुम्ही रोज येता न्यायला?"

"सकाळपासून इथेच असतो." त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही इकडच्या नाही, म्हणून सांगतो. कारखान्याने बऱ्याच जणांना काढलं, त्यात मीही. घरी माहीत नाही. बायको डबा देते, मी निघतो. तिकडे झाडाखाली गाडी लावतो. थंडी वाजते, पण हीटर लावत नाही, पेट्रोल जळतं. मुलांचा आवाज येतो मधल्या सुट्टीत. त्यात तिचा कुठला, ते ओळखत बसतो. मग ती बाहेर येते आणि मी दिवे उघडतो. तिच्या मैत्रिणी टाळ्या वाजवतात." त्यांनी गेटकडे पाहिलं. "तेवढ्यासाठी दिवस काढायचा."

मीनलला त्या टाळ्या आठवत होत्या. ते काही महिने तिच्या लहानपणातले सगळ्यात आनंदाचे होते. स्वतःच्या लग्नातल्या भाषणात तिने सगळ्यांना सांगितलं होतं, की माझे बाबा कामावरून पळून मला घ्यायला यायचे, आणि त्या लाल गाडीमुळे मी शाळेची राणी झाले होते. तेव्हा हॉलमध्ये सगळे हसले होते. बाबा ताटाकडे बघत होते.

आणि पाचवी गाडी त्यांनी का घेतली नव्हती, तेही आता कळत होतं; प्रश्न तिच्या चेहऱ्याचा नव्हता, पैशांचा होता.

"मग आता?" तिने कसंबसं विचारलं.

"मिळेल काहीतरी. ईस्ट किलब्राइडला अर्ज टाकलाय." ईस्ट किलब्राइडची नोकरी त्यांना पुढे मिळाली होती, आणि ते तिथूनच रिटायर झाले होते. "पण कुणाला बोलू नका हं."

"नाही बोलणार."

वारा वाढला. ती चला म्हणाली, तर त्यांनी मान हलवली. "मी गेलो आणि ती बाहेर आली तर? घाबरेल ती."

मीनलने डोळे पुसले. "ती घरी पोचली. आई घेऊन गेली तिला."

"मला न सांगता?" ते एकदम उठले, चिडून. मग राग जसा आला तसाच ओसरला. "पण पोचली ना नीट?"

"पोचली. नीट आहे."

"मग झालं," ते म्हणाले आणि तिच्या गाडीत मुकाट्याने बसले.

संध्याकाळी ते झोपल्यावर आई किचनमध्ये उभीच होती. "शाळेपाशी होते ना? काम गेल्याचं बोलले का?"

मीनलने चमकून पाहिलं. "तुला माहीत होता?"

"तेव्हाच कळलं होतं. कारखान्यातल्याच एकाच्या बायकोने दुकानात सांगितलं."

"मग तू बोलली का नाहीस? ते दिवसभर थंडीत बसायचे, आई!"

"विचारलं असतं, तर ती जागाही गेली असती त्यांची," सुप्रभाताई म्हणाल्या. "गाडीत बसलेत, तुझ्या शाळेपाशी बसलेत, एवढं मला माहीत होतं. दुसरीकडे कुठे गेले असते, कुणी सांगावं? मी दोन पोळ्या जास्त द्यायला लागले आणि कोटाच्या आत घालायला जाड स्वेटर विणला. नोकरी लागल्यावर त्यांनी मोठ्या उत्साहात सांगितलं, बदली मागून घेतली म्हणून. मी शिरा केला."

"नंतर तरी?"

"नंतर म्हटलं, झाकलेलं आहे ते राहू दे." त्यांनी ओटा पुसायला घेतला आणि तिथेच थांबल्या. "वीस वर्षं त्यांनी ते एकट्याने धरून ठेवलं गं. ते चुकलं माझं का, मला कळत नाही."

त्यानंतरचा हिवाळा वाईट गेला. जानेवारीत बाबा जिन्यावरून पडले, आणि हॉस्पिटलातून त्यांना घरी न आणता केअर होममध्ये न्यावं लागलं. मीनलने चंदेरी गाडी स्वतःकडे घेतली आणि दर रविवारी ती त्यांना क्लाइड नदीच्या काठाने फिरवू लागली. ते डॅशबोर्डवर हात ठेवून बसत. एकदा त्यांनी विचारलं, "ही कितवी?"

"सातवा. लास्ट."

"सातवी," ते म्हणाले.

उन्हाळ्यात एका रविवारी सुप्रभाताईंनी मीनलला खोलीबाहेर थांबायला सांगितलं. दार अर्धवट उघडं होतं. आई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली, त्यांचा हात हातात घेतला.

"अहो, मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुमचं काम गेलं होतं, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. डबा मी मुद्दाम भरून देत होते."

बाबांनी नीट ऐकून घेतलं. या बाई कोण आणि कशाबद्दल बोलतायत, हे त्यांना उमगलं असेल असं चेहऱ्यावरून वाटेना. पण त्यांनी आपला दुसरा हात आईच्या हातावर ठेवला.

"चांगलं केलंत," ते म्हणाले. "दुपारी भूक लागते माणसाला."

चहाची ट्रॉली आली तेव्हा सुप्रभाताईंनी एक बिस्किट मोडून अर्धं चहात बुडवून बाबांना भरवलं, आणि उरलेला अर्धा तुकडा स्वतः खाल्ला.