रोहूचे काटे

रात्रीचं जेवण लोक रात्री जेवतात. आम्ही त्या दिवशी ऊन असतानाच नाथसागराच्या काठी जाऊन बसलो. माझ्या सासऱ्यांना, कारभारीमामांना, एकेक घास उतरायला फार वेळ लागायचा, आणि रात्री डॉक्टरांनी पाणीसुद्धा बंद सांगितलं होतं. सकाळी पोटातून नळी बसवायची होती. अन्ननलिकेतली गाठ आता वाट देत नव्हती. म्हणजे तोंडानं खायचं हे त्यांचं शेवटचं जेवण.

असं कुणी बोललं मात्र नाही. आमच्या घरात वाईट गोष्ट निघाली की माणसं टायरातल्या हवेवर बोलतात. माझा नवरा बद्रीनाथ शेंद्र्याच्या कंपनीतून पहिली पाळी करून आला आणि बिडकीन मागं पडेपर्यंत रस्त्यातल्या खड्ड्यांवरच बोलत राहिला.

माशाचं मामांनीच काढलं होतं. "मऊ असतंय. धरणाकाठी जाऊ."

माझ्या सासूबाई, आवडाबाई, मागच्या सीटवर माझ्या शेजारी होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या मटण खातात, कोंबडी खातात, पण या पाण्यातला मासा त्यांनी कधी शिवला नाही. बद्रीनाथला वाटतं, वास सोसत नसेल. खरं काय ते मला ठाऊक होतं. एकदा शेंगा फोडता फोडता त्यांनी सांगितलं होतं. बद्रीनाथच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. दात यायच्या आतच गेली. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, म्हणून मामांनी तिला शेताच्या बांधाला पुरलं. पुढं धरण भरलं. गाव उठून माळावर आलं, बांध तिथंच पाण्याखाली राहिला.

"मासे काय खात असतील, तूच सांग," आत्याबाई म्हणाल्या होत्या. मी शेंगा फोडत राहिले.

हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि खाली लांबवर करडं पाणी. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मालक बन्सी भट्टी पेटवत होता.

"मरळ आहे का?" बद्रीनाथनं विचारलं. "काटे कमी असतात तिला."

"मरळ दुपारीच संपली, भाऊ. रोहू हाय. लई ताजा."

"त्याला काटे असतात."

"काटे नसले तर त्याला भजं म्हणत्यात की!"

मामा हसले, आणि हसण्याचाच त्यांना ठसका लागला.

"मला पिठलं सांग," आत्याबाई म्हणाल्या.

"माय, इथं पिठलं कुठलं?" बद्रीनाथ म्हणाला.

"मग भाकरी सांग. मिरची तर असंल का नाय?"

मामांनी त्यांच्याकडं पाहिलं. "आवडे, लई वर्षं झाली."

"तुमाला झाली असतील."

"कशाची वर्षं?" बद्रीनाथनं विचारलं. मी त्याला कांदा पुढं केला.

रोहू आला. रस्सा लालभडक होता, म्हणून तुकडे आम्ही कोमट पाण्यात धुतले. मामांच्या उजव्या हाताला सलाईनची सुई पट्टीनं चिकटवलेली होती. काटे काढायला बद्रीनाथ बसला. कंपनीत हा माणूस केसाएवढा फरक हेरतो. इथं एक काटा राहिला.

मामांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. बन्सी पाण्याचा तांब्या घेऊन धावला, पण पाणी तरी कुठून उतरणार? मी पाठ चोळत राहिले. शेवटी काटा लाळेबरोबर बाहेर पडला. बद्रीनाथचे हात मांडीवर गेले ते वर आलेच नाहीत.

"राहू दे," मामा म्हणाले. "वास आला, तेवढं बास झालं."

ते ताटाकडं बघत होते. उपाशी माणूस बघतो तसंच.

"हो बाजूला," आत्याबाई लेकाला म्हणाल्या.

ताट त्यांनी स्वतःकडं ओढलं. मग नुसत्याच बसून राहिल्या. मला वाटलं, नाही जमायचं. उठावं आणि आपण करावं, असं दोनदा मनात आलं, पण मी उठले नाही. मग त्यांची बोटं माशावर गेली. डाळीतला खडा शोधावा तसा एकेक पापुद्रा त्या अंगठ्याखाली चाचपत होत्या. काटा निघाला की ताटाच्या कडेला ठेवत होत्या.

"आ करा."

घास आत गेला. आम्ही सगळे मामांच्या गळ्याकडं बघत बसलो. उतरला.

"मीठ कमी हाय का?"

"बरं हाय."

दुसराही उतरला. तिसरा मामांनी बराच वेळ तोंडात घोळवला. मग मान वळवून रुमालात काढला आणि आत्याबाईंचं मनगट हळूच धरलं.

"आवडे, बास."

बद्रीनाथनं खाली मान घातली. मामा खुर्चीला टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. अर्ध्याहून जास्त मासा तसाच होता. आत्याबाईंनी मनगट सोडवून घेतलं आणि पुढचा तुकडा फोडला.

"माय, झालं त्यांचं खाऊन," बद्रीनाथ म्हणाला.

"होऊ दे."

त्या काटे काढत राहिल्या. बन्सी बिल घेऊन आला, त्याला मी हातानंच थांबवलं.