तानाबाईनं भरलेला कागद

तानाबाईच्या मनगटाचं प्लास्टर निघून पंधरा दिवस झाले होते, डोळ्याखाली मात्र आता नवा काळानिळा डाग उमटला होता. कुणी विचारलं की ती एकच सांगायची, "गोठ्यात पाय घसरला." वर्षात पाच वेळा घसरला होता म्हणे! तिचा मुलगा बाळासो शिरोलीला फौंड्रीत कामाला होता, आणि तिथं लोखंड उचलणाऱ्या हातांनीच घरी आईला भिंतीवर आपटायचा. कारण काय, तर त्याला गोठा पाडून तिथं टेंपो लावायचा होता. गोठ्यात होती चंद्री म्हैस. नवऱ्यामागं तानाबाईनं ती पारडीपासून वाढवली होती, आणि जीव गेला तरी ती विकायची नव्हती. गल्लीला सगळं ठाऊक होतं, पण गल्ली तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती.

२००६ साली गल्लीतल्या दूध संस्थेच्या खोलीत म्हाताऱ्या माणसांसाठी शिबिर भरलं. नर्सिंग शिकणारी संयोगिता एकेकाला छापील कागद देत होती. "आपल्याला पडायचा धोका किती, ते आपलं आपणच तपासायचं. बारा प्रश्न आहेत. होय किंवा नाहीवर खूण करा."

चौथी शिकलेली तानाबाई अक्षर लावून वाचू लागली. बाळासो दारातच उभा होता. 'उठताना हाताचा आधार लागतो का?' रोज दोन वेळा उकिडवी बसून धारा काढणारी आणि भरली बादली घेऊन एका दमात उठणारी बाई ती! पण खरं लिहिलं, तर डोळ्याखालचा डाग बघून पोरगी विचारणारच, मग पडलात कशा? लेकाला झाकायला तिनं आपले धडधाकट पाय बदनाम केले. बाराही ठिकाणी 'होय'. जळ्ळी मेली ती माया!

बेरीज करून संयोगिता घाबरलीच. "आजी, म्हशीजवळ मुळीच जायचं नाही. एकटं राहायचं नाही. घरी कोण असतं?"

"मी हाय की." बाळासोनं पुढं येऊन आईचं दुखरं मनगट असं आवळलं, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलंस न्हवं, आये? उद्याच चंद्रीला बाजारात न्हेतो."

जिच्यापायी वर्षभर हाडं मोडून घेतली, ती म्हैस तानाबाईनं आपल्याच हातानं घालवली होती. मग मात्र ती पेटली. हिसडा देऊन तिनं हात सोडवला.

"पोरी, त्यो कागद खोटा हाय. आता बघ."

ती खुर्चीवर बसली, हाताची घडी घातली आणि ताडकन उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. अशी दहा वेळा. मग एका पायावर उभी राहिली.

"ह्ये पाय कवाच घसरलं न्हाईत. मला ह्यो..."

"गप, थेरडे!" बाळासो धावून आला आणि त्यानं दोन्ही हातांनी तिच्या छातीवर धक्का दिला. ती खुर्चीसकट मागं कोसळली, डोकं दुधाच्या कॅनवर आपटलं. भुवई फुटून रक्ताची धार लागली. त्यानं लाथ उचलली, तेवढ्यात शेजारच्या चिमणाबाईनं कॅनचं झाकण त्याच्या नडगीवर हाणलं. तो वाकला, तसा दोघातिघांनी त्याला खाली पाडून तुडवलं. वर्षभर कुठं मेले होते हे हात, देव जाणे!

संयोगिता कापूस घेऊन धावली. तानाबाईनं तिचा हात बाजूला सारला. "आदी दुसरा कागद घे. साव्यांदा पडले, आनी सा येळा कुनी पाडलं त्ये लिव."

"नाव सांगा, आजी. पूर्ण."

लग्नाला पन्नास वर्षं झाली होती, पण उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. भुवईवरून ओघळून तोंडात आलेलं रक्त तिनं थुंकलं.

"बाळासो गणपतराव चौगुले," ती म्हणाली, आणि पोरीची लिहिताना चूक होऊ नये म्हणून पुन्हा एकदा सावकाश सांगितलं.