कोरी बाटली

करवत पत्र्यात अर्ध्यापर्यंत गेली आणि तिथेच अडकली. तिनं गाडीचं तेल गाळणाऱ्या फिल्टरचा डबा दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला, करवतीला एक हिसका दिला आणि पुन्हा कापायला घेतलं. गॅरेजच्या फरशीवर अंथरलेल्या जुन्या चादरीवर काळं तेल ठिबकत होतं. दाराशी स्टूल टाकून सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या आणि मधूनमधून मान उंच करून बघत होत्या.

"अगं, एवढं काय दडलंय त्या डब्यात?"

"काही नसावं, आई. नाही ना, तेच बघायचंय."

"नसलेलं बघायला एवढी मेहनत," असं म्हणून त्यांनी पुढची शेंग उचलली.

त्यांच्या मागे ती गाडी उभी होती. हिरवी, बसकी, दोनच सीटची, छत मागे सरकवता येणारी. सासूबाई तिला बेडकी म्हणत. सुनेनं ती पन्नाशी ओलांडल्यावर जुनीच, पण हौसेनं घेतली होती. घेण्याआधी तिनं या गाडीबद्दल जे जे सापडेल ते वाचून काढलं होतं, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. हिचं इंजिन सीटच्या मागे होतं, आणि त्याच्या मागच्या अंगाला मुठीएवढं एक बेअरिंग होतं. बहुतेक गाड्यांत ते जन्मभर टिकायचं. काहींमध्ये मात्र ते एखाद्या दिवशी काही न सांगता फुटायचं आणि जाताना अख्खं इंजिन घेऊन जायचं. कोणत्या गाडीत काय होईल, हे निम्मं इंजिन उतरवल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

हे सगळं माहीत असूनही तिनं गाडी घेतली. पहिल्यांदा चालवून बघताना वळणावर ती जशी वळली, तसं आपल्या आयुष्यात दुसरं काहीच इतक्या सहज वळलेलं नाही, असं तिला वाटलं होतं. तेव्हापासून ती गाडी चालवायची ती एका कानानं. रेडिओ बंद. चढावर इंजिनाचा सूर जरा बदलला की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय आपोआप सैल व्हायचा.

डबा दुभंगला. आतला घड्यांचा कागद तिनं चादरीवर पसरला आणि त्यावर टॉर्च धरला. काळ्या तेलात बारीक चंदेरी कण चमकले. दोनचार नव्हेत, चांगले चिमूटभर. ती घरात गेली, फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक काढून आणलं आणि कागदाजवळ नेलं. कण टुणकन उडून त्याला चिकटले. लोखंडच होतं, आणि बेअरिंग झिजू लागलं की त्याचा चुरा असाच तेलात उतरतो, हे तिनं वाचलं होतं.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

हातातलं चुंबक तिनं फडक्यात गुंडाळलं आणि तशीच चादरीवर बसून राहिली. मटारांचं पातेलं खाली ठेवून सासूबाई उठल्या, गाडीकडे एकदा बघून घेतलं आणि घरात गेल्या.

मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी तो कागद खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला. तेल तोच बदलून द्यायचा आणि जुना फिल्टर पिशवीत घालून तिच्या हातात ठेवायचा. कापून बघायची कल्पना तिनंच कुठेतरी वाचली होती. लोखंड आहे खरं, तो म्हणाला, आणि कुठून आलं ते इंजिन उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. तोवर चालवू नका. उघडून काही निघालं तर मात्र दुरुस्तीपेक्षा दुसरी गाडी बरी, हेही त्यानं अगदी हळू आवाजात सांगितलं.

बेडकीवर कापड पडलं.

गाडी गेली की हौस गेली, एवढंच असतं तर तिनं मन घट्ट केलं असतं. पण गोष्ट तेवढीच नव्हती. तिचा नवरा, शाळेत भूगोल शिकवणारा शांत माणूस, बेडकीत एकदाच बसला होता. त्याची मान दोन दिवस आखडली, आणि ही गाडी नसून घसरगुंडी आहे असा निकाल देऊन तो पुन्हा वर्तमानपत्राकडे वळला होता. त्याची जागा सासूबाईंनी घेतली. आधी बसायचं, मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे, अशी रीत त्यांनी स्वतःच शोधून काढली होती. दर रविवारी सकाळी डोक्याला रुमाल बांधून त्या तयार. सासू-सुनेचं जमावं म्हणून नवऱ्यानं आयुष्यभर जे जे करून पाहिलं, ते बेडकीनं महिनाभरात करून टाकलं. समोरासमोर बसलं की दोघींना एकमेकींचे चेहरे वाचावे लागत. गाडीत दोघींच्या नजरा रस्त्यावर असायच्या, त्यामुळे तोंडं मोकळी व्हायची. सासूबाईंना लहानपणी सायकलच्या शर्यतीत पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि ते घरच्यांनी घेऊ दिलं नव्हतं, हे तिला पंचवीस वर्षांनी टेकडीच्या चौथ्या वळणावर कळलं.

ती पंचवीस वर्षं तशी भांडणाची नव्हती. गारठ्याची होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला नुकतीच नोकरी लागली होती. पहिल्याच महिन्यात, नव्या नोकरीच्या उत्साहात, तिनं स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बाटलीत भरून नेलं, आणि त्यात जंतू निघाले. हे तिनं जेवताना सगळ्यांदेखत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी रोज सकाळी मोठं पातेलं भरून पाणी उकळायला सुरुवात केली, आणि झाकण असं ठेवायच्या की बाहेरच्या खोलीत ऐकू यावं. पुढे नळ बदलले, वाहिन्या बदलल्या. आता उकळायची गरज नाही, असं तिनं दोनतीनदा सांगून पाहिलं. "नको बाई," त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्या परीक्षेत एकदा नापास झालो, तेवढं पुरे."

बेडकी आल्यावर झाकणाचा आवाज जरा कमी झाला होता. आता तो परत आला. रविवारी सकाळी सासूबाई रुमाल न बांधताच खिडकीशी बसल्या, आणि तिनं उगाच कपाटं आवरली. चहा, जेवण, औषधाची वेळ, एवढंच बोलणं उरलं. नवरा दोघींकडे आळीपाळीनं बघायचा आणि काही न सुचून वर्तमानपत्र उलटं घडी करून ठेवायचा.

शेवटी तिनं एक गिऱ्हाईक पाहिलं. जुन्या गाड्या घेऊन त्यांचे सुटे भाग विकणारा माणूस होता. त्याला तिनं फिल्टरमधल्या लोखंडाबद्दल सगळं खरं सांगितलं. शनिवारी सकाळी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. हे तिनं घरात सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुझी गाडी. तुला योग्य वाटेल ते कर." असल्या सुरात त्या गेले कित्येक महिने बोलल्या नव्हत्या.

शुक्रवारी दुपारी प्रयोगशाळेत धांदल उडाली. एका वसतिगृहाच्या पाण्यात शिसं निघालं होतं, तेही मर्यादेच्या कितीतरी वर. तिचा जुना सहकारी, तिच्याच वयाचा, कागद हातात घेऊन तिच्या टेबलाशी आला. सगळे नळ आजच बंद करायला सांगू का, असं विचारत होता. तिनं आकडे पाहिले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. बरोबर ब्लँक लावला होता का?

तो घुटमळला. घाईत राहिला, म्हणाला.

ब्लँक म्हणजे कोरी बाटली. नमुन्याच्या बाटलीसारखीच दुसरी बाटली घ्यायची, तिच्यात खात्रीचं शुद्ध पाणी भरायचं आणि तीही त्याच हातांनी, त्याच यंत्रावर तपासायची. हा धडा ती नव्या माणसांना पहिल्याच दिवशी द्यायची. जुन्यांना तो पाठ होता, तरी चुकलं की ती तो पुन्हा ऐकवायची, आणि ऐकवताना तिचा सूर जरा चढायचाच.

"किती वर्षं झाली आपल्याला इथे? नमुन्यात काही दिसलं की आधी स्वतःवर संशय घ्यायचा. आपली बाटली तपासा, आपलं हत्यार तपासा, मग..."

ती थांबली. तिचा हात कागदावर तसाच राहिला.

"मग काय?" सहकाऱ्यानं विचारलं.

"मग पाण्याला नावं ठेवा," ती सावकाश म्हणाली. कोरी बाटली लावून नमुना पुन्हा घ्यायला तिनं सांगितलं, निकाल येईपर्यंत नळ बंद ठेवायला सांगितलं, पर्स उचलली आणि सुट्टीचा अर्ज न देताच बाहेर पडली.

वाटेत तिनं दुकानातून नवा फिल्टर घेतला. कोरा करकरीत, खोक्यात बंद, तेलाचा थेंबही न पाहिलेला. घरी आल्यावर कपडेही न बदलता ती गॅरेजात गेली, तीच चादर अंथरली आणि खुंटीवरची तीच करवत काढली. आवाज ऐकून सासूबाई आल्या. तिनं त्यांच्या हातात टॉर्च दिला.

"इथे धरा, आई."

त्यांनी काही न विचारता धरला. करवत पत्र्यात शिरली, अडकली, पुन्हा चालली. डबा दुभंगला. तिनं आतला पांढराशुभ्र कागद उलगडला आणि त्यावर थोडं स्वच्छ तेल ओतून बोटानं पसरवलं. चंदेरी कण चमकले. चांगले चिमूटभर. चुंबक जवळ नेलं तर टुणकन उडून चिकटले.

ती हसायला लागली. चादरीवरच्या जुन्या तेलानं काळ्या झालेल्या हातानं तिनं कपाळ पुसलं, त्यामुळे कपाळ काळं झालं, आणि ते बघून सासूबाई घाबरल्या.

"अगं, यातही निघालं ना? मग हसतेस काय?"

"यातही निघालं, म्हणून हसतेय. हा फिल्टर तर इंजिनाला लागलेलाच नाही. आई, हा करवतीचा भुगा आहे. डबा कापताना पत्र्याचाच भुगा आत सांडला, आणि मी तो गाडीच्या पोटातला समजले."

सासूबाईंनी टॉर्चचा झोत करवतीवर नेला, मग कागदावर, मग सुनेच्या कपाळावर.

"म्हणजे रोग तपासणीतच होता."

"हो."

त्यांचा जीव भांड्यात पडला, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पण कबूल करायची सवय नव्हती, म्हणून त्या एवढंच म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा," आणि टॉर्च विझवून चहा टाकायला गेल्या.

टेम्पोवाल्याला तिनं लगेच फोन करून नको सांगितलं. मग हात धुताना तिच्या डोक्यातल्या प्रयोगशाळेनं तिला आठवण करून दिली की यातून बेअरिंग चांगलं आहे असं काही सिद्ध झालेलं नाही. आधीच्या कणांत एखादा त्याचाही असेल, नसेल. आपल्याला काहीच माहीत नाही, एवढंच सिद्ध झालं होतं. पण ते गाडी घेतानाही माहीत नव्हतं, आणि तरीही ती वळणावर तशी वळली होती. ती नळ बंद करायचा विसरून बराच वेळ तशीच उभी राहिली. पाण्यानं हात गार पडले तरी तिला बरं वाटत होतं.

रविवारी सकाळी सासूबाई रुमाल बांधून वेळेआधीच पायरीवर बसल्या होत्या. नवऱ्यानं गॅरेजचं दार उघडलं, कापड ओढून काढलं आणि दोघी गेल्यावर शांतपणे वाचता येईल या आनंदात दोघींना हात केला. आधी बसायचं, मग दोन्ही पाय. छत मागे सरकलं.

टेकडीच्या रस्त्यावर वाहनं तुरळक होती. पहिल्या दोन वळणांना तिचा कान सवयीनं मागे गेला. तिसऱ्यापासून तो पुढे आला. सासूबाईंनी विचारलं, तुला नेमकं सुचलं कसं? मग तिनं त्यांना कोऱ्या बाटलीचं सगळं समजावून सांगितलं. वसतिगृहाच्या पाण्यातही अखेर काही नव्हतं, दोष बाटलीच्या बुचात होता, हेही सांगितलं.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. आणखी दोन वळणं मागे पडली.

"आणि आपल्या नळाचं पाणी नेलं होतंस, तेव्हा?"

तिचा पाय सैल झाला. तिला ती बाटली आठवली. सरबताची होती, स्वयंपाकघरातल्या फळीवरची. तिनं ती त्याच नळाखाली विसळली होती आणि ओट्यावरच्या फडक्यानं पुसली होती.

"नव्हती लावली, आई."

सासूबाईंनी तोंड फिरवून दरीकडे केलं. त्यांचे खांदे हलत होते. रडताहेत असं वाटून तिनं गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली, तेवढ्यात त्या वळल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रुमाल कपाळावर सरकला होता.

"पंचवीस वर्षं गं," त्या कशाबशा म्हणाल्या. "पंचवीस वर्षं मी पातेलं चढवतेय."

मागे कुठेतरी बारीकसं काहीतरी टक् वाजलं. दोघींनी ऐकलं.

"काय होतं ते?"

"माहीत नाही."

सासूबाईंनी रुमाल सरळ केला आणि हनुवटीखाली घट्ट गाठ मारली.

"मग वळव गाडी, आणि जरा जोरात घे. मला घरी जाऊन नळाचं पाणी प्यायचंय."